फी नेमकी कशाची?

गुंतवणूक सल्लागार ठेवावा का, असं कुणी विचारलं की पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो: ‘पण तो मला बाजारापेक्षा जास्त मिळवून देईल का?’ या मापाने मोजायचं म्हटलं तर उत्तर इतकं सरळ आहे की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. नाही मिळवून देणार. एखादा देईलही, पण तो कोणता हे आधी ओळखता येत नाही. आणि ज्याला ते ओळखता येतं, त्याला सल्लागाराची गरजच कुठे आहे?

यामागचं गणित विल्यम शार्प यांनी १९९१ साली जेमतेम तीन पानांच्या एका लेखात मांडलं. (आदल्याच वर्षी त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. तीनशे पानं लिहिली असती तरी लोकांनी मान डोलावली असती.) बाजार म्हणजे त्यातल्या सगळ्या गुंतवणूकदारांची बेरीज. त्यातले काहीजण बाजारात जे शेअर ज्या प्रमाणात आहेत ते त्याच प्रमाणात घेऊन स्वस्थ बसतात. त्यांना बाजाराइतका परतावा मिळतो. मग उरलेले, म्हणजे हा शेअर घे, तो वीक असं करणारे, यांची सरासरीही खर्च धरण्यापूर्वी बाजाराइतकीच यायला हवी. दुसरं काही येऊच शकत नाही. एकाला जास्त मिळालं तर ते दुसऱ्या कुणाला तरी कमी मिळालेलं असतं. निवडानिवडीचा खर्च मात्र जास्त. म्हणून खर्च वजा जाता ही मंडळी सरासरीने मागेच राहतात. यात बाजाराचा अंदाज नाही की कुणाच्या हुशारीवर शंका नाही, निव्वळ बेरीज-वजाबाकी आहे.

बेरीज-वजाबाकी असली तरी पटायला वेळ लागतो. जॉन बोगल यांनी १९७६ साली अमेरिकेत सामान्य माणसासाठी पहिला इंडेक्स फंड काढला, म्हणजे बाजारातले शेअर त्याच प्रमाणात घेऊन स्वस्थ बसणारा फंड, तेव्हा १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती. जमले १ कोटी १३ लाख. ‘बोगलचा वेडेपणा’ म्हणून लोक हसले. सरासरी मिळवण्यासाठी पैसे कोण गुंतवणार, असा त्यांचा सवाल होता.

आता फी. ‘वर्षाला फक्त एक टक्का’ हे वाक्य सल्लागार ज्या सहजतेने बोलतात ती दाद देण्यासारखी असते. १०० रुपये ३० वर्षं ७ टक्क्यांनी वाढले तर ७६१ होतात, ६ टक्क्यांनी वाढले तर ५७४. तो एक टक्का शेवटच्या रकमेतला जवळजवळ चौथा हिस्सा घेऊन गेलेला असतो. शिवाय तो नफ्यावर नसतो, सगळ्या रकमेवर असतो. त्यामुळे ज्या वर्षी बाजार आपटतो त्या वर्षीही तो निमूटपणे कापला जातो, आणि खात्यातून परस्पर कापला जात असल्यामुळे आपल्याला त्याची झळ लागत नाही. हीच रक्कम दर वर्षी स्वतः चेक लिहून द्यायची पाळी आली, तर निम्मे लोक तरी सही करण्यापूर्वी थांबतील.

इथवर आलं की मी दर वेळी ‘नको सल्लागार’ म्हणून विषय मिटवत असे. हिशेब आपला आपल्याला येतो, इंडेक्स फंड कसा घ्यायचा ते कळतं, मग कुणाला कशाला पोसायचं? हा निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. फक्त तो ज्या प्रश्नाचं उत्तर होता तो प्रश्न छोटा होता, असं वाटतं.

अमेरिकेतले नामांकित गुंतवणूकदार वॉरन बफे यांची पैज बहुतेकांना तोंडपाठ असते. बफे यांच्या बाजूला साधा अमेरिकी इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला हेज फंडांचे, म्हणजे श्रीमंतांसाठी निवडानिवड करणाऱ्या महागड्या फंडांचे, पाच निवडक गट, मुदत २००८ ते २०१७. इंडेक्स फंडाने दहा वर्षांत १२५.८ टक्के दिले. प्रतिपक्षातल्या सर्वांत वरचढ गटाचे आकडे ८७.७ टक्क्यांवर थांबले. गोष्ट इथे संपवायची पद्धत आहे. पण या पैजेचं पहिलं वर्ष मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २००८ मध्ये तो जिंकणारा फंड ३७ टक्के पडला होता. हेज फंडवाले त्या वर्षी सरासरी २४ टक्क्यांच्या आसपास पडले, म्हणजे वर्षाअखेरीला बफे चांगलेच मागे होते. पैज लावलेली असल्यामुळे त्यांना मध्येच उठून जाता येत नव्हतं, आणि दाव्यावर लागलेली रक्कम त्यांच्या आयुष्यात पासंगालाही पुरत नव्हती. तुमची-माझी गोष्ट तशी नसते. आपल्याला कुणी बांधून ठेवलेलं नसतं. मोबाइल हातात असतो, आणि सगळं विकून टाकायला तीनदा बोट टेकवलं की पुरतं.

मधल्या काळात मी काही सल्लागारांना भेटून आले. त्यांतल्या एकाने समोर एक प्रश्नावली ठेवली. तुमची जोखीम घेण्याची तयारी किती, हे ठरवण्यासाठी म्हणे. ‘तुमची गुंतवणूक २० टक्के घसरली तर तुम्ही काय कराल?’ खाली चार चौकोन: सगळी विकीन, थोडी विकीन, काहीच करणार नाही, आणखी खरेदी करीन. खोली थंडगार, खुर्ची मऊ, सल्लागार हसतमुख. अशा ठिकाणी कोण ‘सगळी विकीन’वर खूण करील? माझं पेन थेट चौथ्या चौकोनाकडे गेलं. खूण करताना मला जरा शूर असल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या कागदावरच्या २० टक्क्यांना तारीख नव्हती, बातम्या नव्हत्या, रात्री अडीचला येणारी जाग नव्हती. २०२० मध्ये १९ फेब्रुवारी ते २३ मार्च एवढ्या अवधीत अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक ३४ टक्के कोसळला, तेव्हा लोकांना भीती बाजाराची नव्हतीच मुळी. आपण जगू का, नोकरी राहील का, याची होती. तो निर्देशांक ऑगस्टपर्यंत पुन्हा जुन्या उंचीवर गेला होता हे आज माहीत आहे. मार्चमध्ये ते कुणाच्या कुंडलीत लिहिलेलं नव्हतं.

हॅरी मार्कोविट्झ यांचा किस्सा इथे आठवतो. जोखीम आणि परतावा यांची सांगड गणिताने कशी घालायची हे १९५२ साली यांनीच जगाला शिकवलं. स्वतःच्या निवृत्तीचे पैसे गुंतवताना मात्र त्यांनी आपली सूत्रं मांडलीच नाहीत. निम्मे पैसे शेअरमध्ये, निम्मे कर्जरोख्यांत घातले. कारण सांगताना म्हणाले की बाजार वर गेला आणि मी त्यात नसलो तर, किंवा तो खाली आला आणि मी पूर्ण त्यातच असलो तर, दोन्ही वेळी किती वाईट वाटेल ते डोळ्यांसमोर आलं. पुढे पश्चात्ताप कमीत कमी व्हावा एवढंच पाहिलं. गणिताचा एवढा मोठा माणूस स्वतःच्या पैशाशी आला की तुमच्या-माझ्यासारखाच. मला हे फार दिलासा देणारं वाटतं.

मग असं म्हणता येईल की सल्लागाराची फी परताव्यासाठी नसतेच, ती आपला हात धरून ठेवण्यासाठी असते. बरेच सल्लागार हल्ली हेच म्हणतात आणि ते ऐकायला बरंही वाटतं. पण हात धरणाऱ्याचा स्वतःचा हात तरी स्थिर असतो का? कॅनडातल्या हजारो सल्लागारांच्या नोंदी अभ्यासून काही संशोधकांनी २०२१ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो वाचून मी चाट पडले. त्या सल्लागारांनी स्वतःचे पैसेही ग्राहकांसारखेच गुंतवले होते. तेच महागडे फंड, नुकतंच जे वर गेलं त्याच्यामागे तेच धावणं, एकाच टोपलीत तीच गर्दी. यात ग्राहकाला दाखवण्यापुरता देखावाही नव्हता, कारण धंदा सोडल्यावरही ते तसेच गुंतवत राहिले. म्हणजे ते फसवत नव्हते. त्यांचा त्या गोष्टींवर मनापासून विश्वास होता. याच गटातल्या संशोधकांनी त्याआधी २०१७ मध्ये दाखवलं होतं की ग्राहकाने किती जोखीम घ्यावी हे त्याचं वय, उत्पन्न किंवा स्वभाव यापेक्षा तो कोणत्या सल्लागारासमोर बसला आहे यावरून जास्त ठरतं. त्या चार चौकोनांवर मी केलेली खूण कुठल्या कपाटात गेली असेल, ते यावरून समजावं.

‘तुमचे स्वतःचे पैसे कुठे आहेत?’ हा प्रश्न सल्लागाराला विचारावा, असं सगळे सांगतात. विचारावाच. पण त्याचं प्रामाणिक उत्तर मिळालं म्हणून सल्ला चांगला ठरत नाही. लबाड माणूस निदान ओळखू येण्याची शक्यता असते. चुकीच्या गोष्टीवर मनापासून श्रद्धा असलेला माणूस फार गोड बोलतो आणि डोळ्याला डोळा भिडवून बोलतो.

आणि पैसे कसे द्यायचे? निर्णयाचा खरा गुंता इथे आहे, आणि यावर लोक सगळ्यात कमी बोलतात. कमिशनवर जगणारा सल्लागार ‘फुकट’ असतो, पण तुम्ही काहीतरी विकत घेतल्याशिवाय त्याची चूल पेटत नाही. ‘आहे तसंच राहू द्या’ हा बहुतेक वेळा सर्वांत शहाणा सल्ला, आणि नेमका तोच त्याला परवडत नाही. टक्केवारीवाल्याचं बरं दिसतं: तुमचे वाढले तर माझे वाढतील, आपण एकाच बोटीत. एकाच बोटीत खरेच, पण त्याला एकदा विचारून पाहा की हातात आलेल्या पैशातून घराचं कर्ज फेडून टाकू का. कर्ज फेडलं की त्याच्या देखरेखीखालची रक्कम कमी होते आणि तिच्याबरोबर त्याची फीही. तो ‘नको’ म्हणेल असं नाही. पण ‘नको’ म्हणाला तर ते तुमच्यासाठी म्हणाला की स्वतःसाठी, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. तासावर पैसे घेणारा या सगळ्यातून मोकळा असतो. फक्त ज्या दिवशी तुम्ही घाबरलेले असता आणि फोन करायचा असतो, त्या दिवशी मीटर सुरू होईल म्हणून तुम्हीच फोन करत नाही. वर्षाची ठरावीक रक्कम घेणाऱ्याला फोन करायला संकोच नसतो, पण तो उचलण्याची घाई त्यालाही नसते.

निर्दोष असं यात काहीच नाही. कोणता दोष आपल्याला झेपेल एवढंच निवडायचं असतं.

सरकारांनाही हा गुंता सुटलेला नाही. गंमत म्हणजे बऱ्याच देशांनी तो एकाच सुमाराला सोडवायला घेतला. सल्ल्याने विकलेल्या नव्या गुंतवणुकींवर कमिशन घेण्याला ब्रिटनमध्ये २०१२च्या शेवटच्या दिवसापासून बंदी आली, नेदरलँड्समध्येही तशी बंदी लागू झाली, आणि २०१३च्या जुलैपासून ऑस्ट्रेलियात. भारतात त्याच वर्षी शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने गुंतवणूक सल्लागारांसाठी स्वतंत्र नियम केले आणि म्युच्युअल फंडांचे बिनकमिशनचे डायरेक्ट प्लॅन सुरू झाले. पुढे २०२० मध्ये एकाच ग्राहकाला सल्लाही द्यायचा आणि कमिशनही घ्यायचं, हे बंद केलं. ऐकायला सगळं चोख. पण ब्रिटनमध्ये झालं काय, की फी उघडपणे मागायची वेळ येताच थोडे पैसे असलेल्यांकडे सल्लागारांनी पाठ फिरवली, आणि सल्ला ज्यांना परवडत नाही त्यांचं काय करायचं यासाठी २०१५ मध्ये वेगळा आढावा घ्यावा लागला. बिल समोर आलं की त्याची लाज दोघांनाही वाटते, देणाऱ्याला आणि मागणाऱ्यालाही.

माझ्यापुरता निकाल मात्र यातल्या कशानेच लागला नाही. तो नवऱ्यामुळे लागला. आमच्या घरात पैशाचं सगळं मी बघते. त्याला त्यात रस नाही आणि मला आहे, इतकी साधी वाटणी. एकदा मी बाहेरगावी असताना कुठला तरी फॉर्म भरायला त्याला एक आकडा हवा होता. मी फोनवरून म्हटलं, एक्सेलची फाइल उघड, त्यात आहे. फाइल उघडली. मग बराच वेळ फोनवर शांतता. ‘यात तीन पानं आहेत,’ तो म्हणाला, ‘नवीन, नवीन दोन, आणि खरं नवीन. कुठलं बघू?’ मी सांगितलं. पुन्हा शांतता. ‘एका रकान्याचं नाव ‘बघू’ आहे. त्यात चार लाख दिसतायत. ‘बघू’ म्हणजे काय?’

‘बघू’ म्हणजे ज्या रकमेचं काय करायचं ते माझ्या डोक्यात होतं आणि कागदावर नव्हतं. मी हसले, तोही हसला. आकडा सापडला, फॉर्म भरून झाला. रात्री तो सहज म्हणाला, ‘तुला काही झालं तर मी हे सगळं विकून बँकेत ठेवून देईन हं, आत्ताच सांगून ठेवतो.’

त्याने ते गमतीत म्हटलं होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं. इतकी वर्षं मी कमी खर्चाचे फंड निवडले, घसरणीत बसून राहिले, एकेका टक्क्याचा हिशेब केला. त्या सगळ्याचा शेवट एका दुःखी माणसाने घाईघाईत केलेल्या विक्रीत होणार होता. बरं, त्याला दोष तरी कसा द्यायचा? समोर न कळणारे आकडे, घरात माणूस गेलेलं, आणि दारात सांत्वनाला आलेल्यांपैकी निम्मे कुठल्या तरी योजनेची माहितीपत्रकं घेऊन. आपल्या माघारी पैशाचा मोठा निर्णय घेणारा माणूस घरातला कमी जाणता असतो आणि तो आयुष्यातल्या सर्वांत वाईट महिन्यात निर्णय घेतो. मी कितीही शिकले, तरी माझी हुशारी त्याला वारशात देता येत नाही. वारस म्हणून नाव लावलं की पैसे पोचतात, तेवढंच.

हे लक्षात आल्यावर सल्लागाराचा प्रश्न माझ्यासाठी अगदी वेगळा झाला. मला स्वतःला सल्लागार नको असेल, पण नवऱ्याला असा एक माणूस ओळखीचा हवा, जो माझ्या पश्चात नव्याने गळ्यात पडलेला नसेल; ज्याला आमचं सगळं आधीपासून ठाऊक असेल आणि ज्याला तेव्हा काही विकायचं नसेल. असा माणूस गरज पडल्यावर शोधता येत नाही. माझी शुद्ध शाबूत असताना, मला त्याची गरज नसतानाच त्याला शोधावं लागतं. आणि फी देऊन टिकवावं लागतं, म्हणजे त्या वर्षांत आपल्याला फुकट जातेयसं वाटणारी फी. एकटं राहणाऱ्यांचंही वेगळं नाही. त्यांच्या बाबतीत तो कमी जाणता माणूस म्हणजे वीस वर्षांनंतरचे ते स्वतः.

एकदा हे ठरल्यावर माणूस पारखायच्या कसोट्या बदलल्या. गेल्या पाच वर्षांत किती टक्के दिले, हे विचारणं मी सोडून दिलं. त्याऐवजी विचारलं, की तुमच्यानंतर तुमचं काम कोण बघतं? साठीच्या सल्लागाराला चाळिशीतल्या नवऱ्याचा सांभाळ करायला ठेवण्यात काय अर्थ आहे? यावर एकजण चक्क रागावले. पैसे कुठे ठेवणार हे तर सगळ्यांत आधी विचारलं. बर्नी मॅडॉफ नॅसडॅक शेअर बाजाराचा अध्यक्ष राहिलेला, नावाजलेला माणूस. पण पैसे गुंतवणाराही तोच, ते सांभाळणाराही तोच आणि हिशेबाचे कागद छापून पाठवणाराही तोच. २००८च्या डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली तेव्हा ग्राहकांच्या कागदांवर सुमारे ६५ अब्ज डॉलर लिहिलेले होते. होते फक्त कागदावर. सल्लागाराने सल्ला द्यावा, पैसे तिसऱ्याच संस्थेत आपल्या नावावर असावेत, आणि तिथला हिशेब तिच्याकडून थेट आपल्याकडे यावा. यात तडजोड नाही, सल्लागार सख्खा भाऊ असला तरी.

शेवटी निवडली ती एक बाई. वर्षाची ठरावीक फी घेते, कमिशन नाही, टक्केवारी नाही, नोंदणी तपासून घेतली. माझ्या फंडांना तिने हात लावला नाही. पहिल्याच भेटीत म्हणाली की हे ठीक आहे, यात बदलण्यासारखं फार काही नाही, आणि त्या एका वाक्यासाठी मी फी दिली असं हिशेबी मनाला दोन दिवस टोचत राहिलं. नंतर तिने खुर्ची नवऱ्याकडे वळवली आणि त्याला विचारलं की घर चालवायला महिन्याला किती लागतात. त्याने जो आकडा सांगितला तो खऱ्या आकड्याच्या निम्मा होता. मी तोंड उघडणार एवढ्यात तिने माझ्याकडे न बघताच हात वर केला आणि त्याला म्हणाली, ‘चला, आपण मांडून बघू.’

त्या दोघांनी मिळून आता एक पानभर लिहिलंय. कोणतं खातं कुठे, काय कधी विकायचं नाही, पहिले सहा महिने खर्चाला पैसे कुठून काढायचे. अक्षर त्याचं आहे. ‘बघू’मधले चार लाख त्या सहा महिन्यांसाठी धरले आहेत. मला ते दुसरीकडे गुंतवायचे होते, पण या खेपेला मतदान दोनास एक असं झालं.